नैराश्यावर सायकेडेलिक औषधं: हाताशी काय आहे, काय अजून लांब आहे (बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी)

मार्कंडेय_तीर
धागा काढायचं कारण सरळ आहे. सायकेडेलिक म्हणजे काही तास भास घडवणारी, मनाची अवस्था बदलणारी औषधं. ‘मशरूमच्या एका डोसात नैराश्य गेलं’ अशा चित्रफिती आपल्याकडच्या गटांत फिरतायत, आणि त्या बघून चालू गोळ्या बंद कराव्यात काय, असं लोक विचारायला लागलेत. म्हणून आधी तेच सांगतो. बंद करू नका. एस्सिटॅलोप्रॅम, पॅरोक्सेटीन, व्हेनलाफॅक्सीन यांतली कुठलीही गोळी एकदम थांबवली तर दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात वीज सळसळल्यासारखं वाटणं, चिडचिड, झोपमोड सुरू होऊ शकते. ती लक्षणं जातात, पण मूळ आजार पुढच्या काही आठवड्यांत उलटू शकतो, आणि ते जास्त वाईट.

आता मूळ विषय. सायलोसायबिनमध्ये, म्हणजे त्या मशरूममधल्या भास घडवणाऱ्या द्रव्यात, दम आहे की नाही? आहे. निदान दोन औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावरचा मोठा अभ्यास नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. १० देश, २३३ रुग्ण, तीन गट: २५ मिलिग्रॅम, १० मिलिग्रॅम आणि नावापुरतं १ मिलिग्रॅम. डोस एकदाच. नैराश्याच्या ६० गुणांच्या मोजपट्टीवर तीन आठवड्यांनी २५ वाल्यांचे सरासरी १२ गुण उतरले, १ मिलिग्रॅमवाल्यांचे ५.४. फरक ६.६ गुणांचा, आणि एका डोसाच्या मानानं तो मोठाच म्हणायला पाहिजे. पण त्याच अभ्यासातला पुढचा आकडा चित्रफितीत कोणी दाखवत नाही: २५ मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी तीन आठवड्यांनी ३७ टक्क्यांना निम्म्याहून जास्त फरक होता, आणि तो बारा आठवड्यांपर्यंत टिकलेले होते २० टक्के. म्हणजे पाचातला एक.

औषधांच्या आपसातल्या भांडणाबद्दल, भुलेच्या औषधाबद्दल आणि कायद्याबद्दल इथल्या जाणकारांनी भर घालावी.

आकडेमोड
पुढचा आकडा मी जोडतो. २०२२ चा तो अभ्यास करणाऱ्या कंपनीच्याच तिसऱ्या टप्प्यातल्या पहिल्या चाचणीचा निकाल जून २०२५ मध्ये जाहीर झाला. २५८ रुग्ण, २५ मिलिग्रॅमचा एक डोस विरुद्ध औषध नसलेली नुसती गोळी, सहा आठवड्यांनी फरक ३.६ गुण. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं खरा, पण ६.६ वरून ३.६ वर आला. नवीन उपचारात असं बरेचदा होतं. चाचणी मोठी आणि काटेकोर होत जाते तसा फरक आकसतो.

सायलोसायबिनची नेहमीच्या गोळीशी सरळ तुलना लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं केली, २०२१ मध्ये. ५९ रुग्ण, सहा आठवडे. एका गटाला २५ मिलिग्रॅमचे दोन डोस, दुसऱ्याला रोज एस्सिटॅलोप्रॅम. मुख्य मोजपट्टीवर एका गटाचे ८ गुण उतरले, दुसऱ्याचे ६, आणि हा फरक निर्णायक ठरला नाही. दुय्यम मोजपट्ट्यांवर सायलोसायबिन पुढं दिसतं, म्हणून दोन्ही बाजूचे लोक हाच अभ्यास आपापल्या बाजूनं दाखवतात.

यातली खरी अडचण आंधळेपणाची आहे. औषधाच्या चाचणीत कोणाला खरं औषध मिळालं हे रुग्णालाही कळू नये लागतं. इथं अर्ध्या-पाऊण तासात भिंत हलायला लागली की रुग्णाला कळतं, शेजारी बसलेल्याला कळतं. एका अभ्यासात तुलनेसाठी नायसिन १०० मिलिग्रॅम दिलं, त्यानं चेहरा तापतो, लाल होतो. तरी माणूस फसत नाही. मग ज्याला ‘खरं’ मिळालं त्याची आशा वाढते आणि ज्याला मिळालं नाही तो खचतो, आणि दोन्हीमुळं फरक फुगतो. किती फुगतो हे वेगळं काढायची पक्की रीत अजून कोणाकडं नाही. म्हणून या आकड्यांना खोटं म्हणू नये आणि अंतिमही म्हणू नये.

खानापूर_घाट
एक विचारतो. डोस देतात म्हणजे काय करतात नेमकं? गोळी देऊन घरी लावून देतात काय?

मार्कंडेय_तीर
नाही हो. घरी लावून द्यायचा प्रश्नच येत नाही. आधी निवड. ज्याला स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात स्किझोफ्रेनिया, वेडाचा झटका किंवा उन्मादाचा आजार आहे त्याला घेतच नाहीत. बीपी ताब्यात नसलेला, हृदयाच्या ठोक्यात दोष असलेला, गरोदर बाई, सगळे बाहेर. मग तयारीच्या दोन-तीन बैठका: काय दिसेल, भीती वाटली तर काय करायचं, खांद्यावर हात ठेवला तर चालेल काय, हे सगळं आधी बोलून ठेवतात. ही संमती आधीच लागते, कारण त्या अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणू शकतो.

डोसाच्या दिवशी मंद उजेडाची खोली, डोळ्यांवर पट्टी, कानाला संगीत, शेजारी शिकलेली दोन माणसं. गोळी पोटात गेली की शरीर सायलोसायबिनचं सायलोसिन करतं आणि ते मेंदूतल्या सिरोटोनिन या निरोप्या रसायनाच्या २ए नावाच्या ग्राहकावर (पेशीवरची त्या रसायनाची बसायची जागा) बसतं. २० ते ४० मिनिटांत सुरुवात, दीड-दोन तासांच्या आसपास शिखर, चार ते सहा तासांत उतार. बीपी आणि नाडी चढते, मळमळ होते, डोकं दुखतं. काहींना त्यात प्रचंड भीती बसते. शिकलेला माणूस शेजारी असला तर ती पार होते; घरी एकटा असला तर तोच माणूस माडीवरनं खाली उतरायला खिडकी शोधतो. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं परत बैठका, त्यात जे दिसलं त्याचं रोजच्या जगण्याशी काय नातं हे बघायचं. एका डोसामागं शिकलेल्या माणसाचे वीसेक तास सहज जातात. गोळीपेक्षा हे तास महाग आहेत.

आणि एक, आत्महत्येच्या विचारांबद्दल. २०२२ च्या त्या अभ्यासात २५ मिलिग्रॅमच्या गटात तिघांकडून आत्महत्येच्या दिशेनं कृती झाली. तिघंही औषधाचा गुण न आलेले, आणि ते घडलं डोसानंतर महिनाभरानं. शेवटचा उपाय म्हणून जे घेतलं तेही चाललं नाही, असं वाटणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यापेक्षा पाचव्या आठवड्यात जास्त जपायला पाहिजे.

औषधपेटी
मेडिकलच्या काउंटरवरून दिसणारी बाजू सांगतो.

लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवायची गोळी) चालू असेल तर सायलोसायबिन किंवा एलएसडी या दुसऱ्या सायकेडेलिकच्या जवळ जायचं नाही. लिथियमबरोबर घेतल्याच्या लोकांनी स्वतः लिहिलेल्या नोंदी तपासल्या तेव्हा जवळजवळ निम्म्या नोंदींत फेफऱ्याचा उल्लेख सापडला. अशा नोंदी वाईट अनुभवाकडं झुकलेल्या असतात हे धरूनही धोका मोठा आहे.

एसएसआरआय गटातल्या (एस्सिटॅलोप्रॅम, पॅरोक्सेटीनसारख्या) गोळ्या चालू असताना सायलोसायबिनचा परिणाम बहुतेकांत बोथट होतो. म्हणून चाचणीत गोळी हळूहळू कमी करून निदान दोन आठवडे शरीर मोकळं ठेवतात. फ्लूओक्सेटीनला दोन आठवडे पुरत नाहीत, ते आणि त्याचा अवशेष रक्तात पाचेक आठवडे रेंगाळतो. लोक चुकतात ते इथं. घरच्या घरी गोळी सोडतात, वर काहीतरी घेतात, गुण आला नाही म्हणून दुप्पट घेतात. मिर्टाझापिन, ट्रॅझोडोन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन हे त्याच २ए ग्राहकावर आधीच बसलेले असतात, त्यामुळं ‘चढत नाही’. चढत नाही म्हणून अजून घेणं हा सगळ्यात घातक हिशेब. अयाहुआस्कासारख्या भास घडवणाऱ्या काढ्यात एमएओ (शरीरात सिरोटोनिन मोडणारा घटक) रोखणारे घटक असतात. त्यावर एसएसआरआय किंवा ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी पडली तर ताप, थरथर, स्नायू ताठरणं, घाम, म्हणजे सिरोटोनिनचा अतिरेक. तो जीव घेऊ शकतो.

नाका_नंबर_दोन
पावसाळ्यात खानापूरकडच्या रानात अळंबी मिळतात. पोरं त्यातच ‘ती’ शोधतात म्हणे. आणि धोतऱ्याच्या बिया पण ‘नैसर्गिक सायकेडेलिक’ म्हणून सांगतात.

औषधपेटी
धोतऱ्याचं आधी. धोतरा सायकेडेलिक नव्हेच. त्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन. माणसाला स्वप्न पडत नाही, त्याला बुद्धिभ्रम होतो: नसलेल्या माणसाशी बोलतो, कापडं उपसतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, कातडी कोरडी आणि तापलेली, लघवी अडते, नाडी १२०-१४०. नैराश्यावर त्याचा कसलाही उपयोग सिद्ध नाही. एका बोंडात विष किती हे झाडागणिक बदलतं, म्हणून ‘थोडंच घेतलं’ याला अर्थ नाही. बर्फाची पिशवी आणि ताबडतोब मोठं रुग्णालय.

अळंबीचं तर त्याहून सांभाळून. खाण्याच्या अळंबी ओळखणारी रानातली जुनी माणसं वेगळी आणि मोबाइलवरचं चित्र बघून तोडणारी पोरं वेगळी. छोट्या तपकिरी छत्रीच्या काही जातींत अमाटॉक्सिन हे विष असतं. ते खाल्ल्यावर सहा ते बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि नेमकं त्याच वेळी लिव्हर जात असतं. मधल्या बऱ्या वाटण्यावर विसंबून घरी थांबलेला माणूस उशिरा पोचतो. कोणी खाल्लीच तर उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको, कुजते.

कॅम्प_कोर्ट
कायद्याचं थोडक्यात. एलएसडी, सायलोसायबिन, सायलोसिन हे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या परिशिष्टात आहेत. भारतात कुठल्याही डॉक्टराला यांची चिठ्ठी लिहिता येत नाही. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून परवानाधारक मनोविकारतज्ज्ञाला दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन देता येतं, ते ऑस्ट्रेलियात. त्याचा दाखला इथं चालत नाही.

एलएसडीची ‘अल्प’ मात्रा २ मिलिग्रॅमपर्यंत, ‘व्यापारी’ मात्रा १०० मिलिग्रॅमपासून. वजन करताना त्यात मिसळलेला तटस्थ पदार्थही धरायचा असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे. व्यापारी मात्रेला किमान शिक्षा दहा वर्षं आणि एक लाख दंड. केरळ उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ च्या जामिनाच्या आदेशाचा हवाला देऊन ‘मशरूम कायदेशीर झालं’ असं लिहिणारे आहेत. तो आदेश जामिनाचा आहे, आणि आतला सायलोसायबिन आजही परिशिष्टातच आहे. पोरांना हे नीट समजावून सांगा.

औषधपेटी
आणि गोव्याकडनं कोणी आणलेला ‘एलएसडीचा कागद’ म्हणजे एलएसडीच असतो असं नाही. एनबोम गटातली रसायनं तशाच कागदावर विकली जातात आणि त्यांनी माणसं मेली आहेत. चवीला कडू-धातूसारखं लागलं तर शंका घ्यावी असं सांगतात, पण कडू लागलं नाही म्हणून सुरक्षित असं मुळीच नाही.

शांत_सिरिंज
भुलेच्या बाजूनं लिहितो, कारण या सगळ्यांत इथं कायद्यानं देता येण्यासारखं एकच आहे: केटामीन, हे भुलेचं औषध. ते जातिवंत सायकेडेलिक नाही, त्याचं काम ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाच्या एनएमडीए ग्राहकावर चालतं. पण शरीरापासून सुटल्यासारखं वाटणं आणि मनःस्थिती झपाट्यानं बदलणं यामुळं चर्चेत एकत्र येतं. इथं ते शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे: वेगळी नोंदवही, कुलूप, चिठ्ठीची प्रत दोन वर्षं जपणं. दुकानातून आणून घरी टोचायची गोष्ट नव्हे.

नैराश्यासाठीची नेहमीची मात्रा दर किलोला ०.५ मिलिग्रॅम, शिरेतून, ४० मिनिटांत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम, सलाईनमध्ये पातळ करून पंपावर. भुलेची मात्रा याच्या दुप्पट ते चौपट असते, आणि ती एका-दोन मिनिटांत जाते. चूक होते ती इथं. वेग हातानं चिमट्यावर ठेवला आणि ४० मिनिटांचं १५ मिनिटांत गेलं, तर माणूस घाबरून उठू बघतो, बीपी १८० वर जातं. पंप नसेल तर करू नये. उपाशीपोटी, सुरुवातीला बीपी १४०/९० च्या आत, दर दहा मिनिटांनी बीपी, बोटाला ऑक्सिजनची कळ, मळमळीसाठी ऑन्डान्सेट्रॉन हाताशी, आणि संपल्यावर दोन तास नजरेखाली. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावरच. शेतातली मोटर, ऊसतोडीचा कोयता, याही गोष्टी त्यात धरा.

गुण येणाऱ्याला काही तासांत ते एका दिवसात उतार पडतो. आत्महत्येचे विचारही त्याच वेळात कमी होताना दिसतात, आणि हीच याची खरी ताकद. पण एका डोसाचा असर आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो. म्हणून आठवड्यातून दोनदा असे तीन आठवडे देतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नेमकं असं देऊन शॉकशी, म्हणजे ईसीटीशी तुलना केली. वेडाची लक्षणं नसलेल्या, दाद न देणाऱ्या नैराश्यात केटामीनला ५५ टक्के आणि ईसीटीला ४१ टक्के प्रतिसाद. विसरायला होण्याचा त्रास केटामीनमध्ये कमी. मात्र भ्रम-भास असलेल्या नैराश्यात आणि खाणंपिणं सोडलेल्या माणसात ईसीटीचा हात धरणारं अजून काही नाही. बारंबार आणि वर्षानुवर्षं घेतलं तर मूत्राशय खराब होतं, आणि सवय लागते. क्लोनाझेपाम या झोपेच्या-चिंतेच्या गोळीचा मोठा डोस चालू असेल तर गुण कमी पडू शकतो, ते डॉक्टरांना आधी सांगा.

खानापूर_घाट
शॉक म्हटलं की घरची माणसं उठून निघतात.

शांत_सिरिंज
निघतात, कारण डोळ्यांपुढं जुनं चित्र आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ९५ व्या कलमानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी करायला बंदी आहे. माणूस झोपलेला असतो, झटका सेकंदांचा, पाऊण-एक तासात उठून चहा पितो. सहा ते बारा वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होतात, हे आधी सांगितलंच पाहिजे.

अक्का_शहापूर
समुपदेशनाच्या बाजूनं मला एका गोष्टीची काळजी आहे आणि ती कुठल्याच चर्चेत येत नाही. भाषा. सायलोसायबिनच्या उपचारातलं निम्मं काम बोलण्याचं आहे. भीतीनं थरथरणाऱ्या माणसाला ‘मी आहे इथं, श्वास घे’ हे त्याच्या आईच्या भाषेत सांगावं लागतं. सीमाभागातल्या बाईला घरात मराठी, बाजारात कन्नड, दवाखान्याच्या फॉर्मवर कन्नड-इंग्रजी. तब्येतीचं साधं बोलताना ती कन्नडमध्ये सांगू शकते, पण ‘जीव नकोसा झालाय’, ‘उमाळा येतोय’, ‘छातीत कालवतंय’ हे ती मराठीतच म्हणते. ‘कालवतंय’ला डॉक्टरानं पोटाचं दुखणं समजून ॲसिडिटीची गोळी दिली तर दोष कोणाचा? पुढंमागं हे उपचार इथं आले तर शेजारी बसणारी माणसं दोन्ही भाषांत तयार करावी लागतील, आणि त्याची सुरुवात आज साध्या समुपदेशनापासून करता येते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, त्यावर मराठी मागता येते. नंबर लावल्यावर भाषेचा पर्याय येतो तेव्हा घाईनं पहिला आकडा दाबू नका.

मार्कंडेय_तीर
अक्का, हे सोन्यासारखं बोललात.

आता इथं आज काय करता येतं. ‘औषधांना दाद देत नाही’ म्हणजे निदान दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा मात्रेत, प्रत्येकी सहा-आठ आठवडे घेऊनही फरक नाही. आपल्याकडं दाद न देणारं म्हणून येतं त्यातलं बरंच असं असतं: एस्सिटॅलोप्रॅम ५ मिलिग्रॅमवरच अडकलेलं (नेहमीची मात्रा १० ते २०), दोन आठवड्यांत ‘गुण नाही’ म्हणून सोडलेलं, किंवा यात्रेच्या, सुगीच्या दिवसांत खंड पडलेलं. आधी हे दुरुस्त करा. त्याबरोबर थायरॉईडची टीएसएच, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर तपासा. दारू विचारा, खरी विचारा. कधी चार-पाच दिवस झोपेशिवाय उत्साहात गेले होते काय, पैसे उधळले होते काय, हेही विचारा. उत्तर हो असेल तर आजारच वेगळा, आणि नुसती नैराश्याची गोळी उलटी पडू शकते.

ते होऊन फरक नसेल तर औषध बदलणं, लिथियमची जोड देणं (रक्तात साधारण ०.६ ते ०.८, तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी), बोलण्याचे उपचार, चुंबकीय उपचार म्हणजे आरटीएमएस, केटामीन, ईसीटी. ही वाट संपलेली माणसं फार थोडी असतात. सायलोसायबिनची वाट बघत बसण्याआधी यांतलं काय काय झालंय ते कागदावर मांडून बघा.

नाका_नंबर_दोन
जायचं कुठं? निपाणीवाले कोल्हापूरला जातात, ते ठीक. खानापूर-बेळगावकडच्यांनी?

मार्कंडेय_तीर
सुरुवात तालुका रुग्णालयापासून. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ बसतात. निघण्याआधी फोन करून तो मंगळवार चालू आहे काय ते विचारा. पुढं बेळगावात बिम्स, केएलई ही मोठी रुग्णालयं. गुंतागुंतीचं असेल तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था, बेळगावहून साधारण ७५-८० किलोमीटर.

खानापूर_घाट
पहिल्यांदा धारवाडला नेताना सोबत काय घ्यायचं?

औषधपेटी
आजपर्यंतच्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा, नावं-तारखा दिसतील अशा. कुठली गोळी कधी सुरू, किती मिलिग्रॅम, कधी बंद, का बंद, हे एका वहीच्या पानावर तारखेनं. रक्ताचे जुने रिपोर्ट. आधार आणि आयुष्मानचं कार्ड.

अक्का_शहापूर
आणि घरातलं एक माणूस, ज्याला मराठी-कन्नड दोन्ही येतं. पण पेशंटला डॉक्टरांसमोर दहा मिनिटं एकटं बोलायला द्यायचं, त्या वेळात ते माणूस बाहेर बसेल, हे घरातनं निघतानाच ठरवून निघा. शेतातली फवारणीची औषधं घरातून काढून कुलपात ठेवणं हे त्याच्या आदल्या दिवशी करा, परत आल्यावर नव्हे.

खानापूर_घाट
कुलूप आजच आणतो. किल्ली कोणाकडं ठेवू?

अक्का_शहापूर
घरातल्या अशा माणसाकडं, जे रात्री घरी असतं. जमलं तर फवारणीची औषधं घरात नकोच, शेजारच्या किंवा भावकीतल्या दुसऱ्या घरी ठेवा.